गोळी लागली

"या खाटेचं चाक अगदी माझ्यासारखं," उशी सारखी करता करता आई पुटपुटली. "दिवसभर कुरकुरतं, पण तेल घालायचं कुणाच्या मनात येत नाही."

ठमीला हसू आलं. पण हसलं की पोटावरची पिशवी ओढली जायची, म्हणून तिनं ते गिळलं. गोळीनं आतडं फाटल्यापासून शौचाची वाट पोटातूनच काढून दिली होती. हसणं, शिंकणं, कुशीवर वळणं, सगळं आधी त्या पिशवीला विचारून.

समोर स्टुलावर डॉक्टर बसली होती. गोळी काढून झाली, टाके सुकले, की पुढे माणसाचं काय होतं, ते ती लिहून काढत होती. तिची रीत अशी, की लिहिलेलं त्या माणसालाच मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तो म्हणेल तिथं खोडायचं. उद्या ठमीला घरी सोडणार होते.

घर म्हणजे दादाचंच. तो खिडकीशी उभा राहून संत्रं सोलत होता, एकेका फोडीच्या शिरा काढून. ठमीला शिरा आवडत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"'उजवा पाय बधिर. शिवणयंत्र चालवता येत नाही,'" डॉक्टरनं वाचलं.

"बधिर कुठला? मुंग्या येतात. बधिर असता तर झोप तरी आली असती."

डॉक्टरनं खोडलं. "'मोठा आवाज झाला की अंग कापतं.'"

"मोठा कशाला, कपाटाचं दार पुरतं."

"ही पहिल्यापासूनच भित्री," दादा हसला. "झुरळ दिसलं की गल्ली डोक्यावर घ्यायची. घे ठमे, आ कर."

तिनं तोंड उघडलं नाही. फोड त्याच्या बोटांत तशीच राहिली.

सगळ्यात वरची ओळ डॉक्टरनं शेवटी वाचली. "'पिस्तूल साफ करताना चुकून गोळी लागली.' हे आईंनी सांगितलंय."

"हो, लागली," आई घाईनं म्हणाली. "वेळच वाईट होती."

मावशीला सांगताना लागली, शेजारणीला सांगताना लागली, पोलिसांपुढेही लागली. जशी ठेच लागते, उचकी लागते, नजर लागते. लागणाऱ्या गोष्टीमागे कुणाचा हात नसतो. ठमीही आजवर गप्प होती. आई चारचौघांत नाही तरी एकांतात, तिच्या कानात तरी खरं बोलेल, असं तिला वाटत होतं.

"पोलिसही चुकूनच म्हणाले," दादा म्हणाला. "पिस्तूल परत देताहेत. लायसन्सचं आहे शेवटी."

ठमीनं आईकडे पाहिलं. "घरात येणार ते? कुठं ठेवणार?"

"कुठं म्हणजे? कपाटात, होतं तिथंच," आई चादरीची घडी घालत म्हणाली. "आपलीच वस्तू ना ती."

ठमी डॉक्टरकडे वळली. "ती ओळ खोडा."

"ठमे!" आईचा आवाज चिरकला. "भाऊ आहे तुझा."

"भाऊ आहे म्हणूनच गाडीची किल्ली लपवली होती मी. धंद्यात भांडण झालं म्हणून पिस्तूल कमरेला लावून भागीदाराच्या घरी निघाला होता. त्याच्या हातून खून होऊ नये, एवढंच होतं माझ्या मनात."

"चिमूटभर गोष्टीचा डोंगर करू नकोस," दादा म्हणाला, पण खिडकीबाहेर बघत.

डॉक्टरनं पेन टेकवलं. "काय लिहू?"

ठमी मात्र आईशीच बोलली.

"लागली नाही, आई. दादानं मारली. आणि तू दारात उभी राहून बघत होतीस."