टॅन्सीच्या पोटावरची लोकर

सेप हेडली कात्री धरायचा तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. बेडलिंग्टन कुत्रं दिसायला कोकरासारखं, आणि कुत्र्यांच्या प्रदर्शनात उतरवायचं तर त्याच्या लोकरीत एकही खड्डा चालत नाही. तो कामाला होता ती खाण बंद पडल्यापासून सेपने सगळा जीव आपल्या कुत्रीला, टॅन्सीला लावला होता.

या जातीला एक खोड आहे: यकृतात तांबं साठतं. गावातल्या प्रत्येक कुत्रेवाल्याला ते ठाऊक असतं, आणि प्रत्येकाला वाटतं, ते शेजाऱ्याच्या कुत्र्याला होतं. वसंतात टॅन्सीचा भाऊ त्यानेच गेला, तेव्हा गुरांच्या डॉक्टरीण मिस फेनविक यांनी सेपला बोलावून घेतलं.

"टॅन्सीच्या पोटाला दोन बारीक भोकं पाडायची. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून चिमटा. तपासायला यकृताचे तांदळाच्या दाण्याएवढे चार तुकडे काढले की झालं. संध्याकाळी घरी न्या."

"आणि पोट भादरणार?"

"भादरावं लागेलच."

"सहा आठवड्यांवर प्रदर्शन आहे, पोरी! सुईने नाही का भागणार? जरासंच भादरून?"

"सुईत येतो तो तुकडा फार बारीक. त्यावरून छातीठोक सांगता येत नाही."

"रक्ताचा रिपोर्ट तर चांगला आलाय."

"रक्त उशिरा बोलतं, मिस्टर हेडली. आत्ता कळलं तर औषधाने तांबं उतरवता येईल."

"प्रदर्शन झालं की आणतो," सेप म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्याच्या मनात तसंच होतं.

प्रदर्शनात टॅन्सी पहिली आली. गावच्या क्लबात लोकांनी पाठ थोपटली, बिअर पाजली, आणि कुणीतरी म्हणालं, ऑगस्टच्या प्रदर्शनात हिला तोड नाही.

"तू डॉक्टरणीला शब्द दिलायस," बायको मेव्हिसने आठवण करून दिली.

"एवढं एक होऊ दे गं. कुत्री बघ कशी उड्या मारतेय."

ऑगस्टमध्येही ती पहिली आली. घरी परतल्यावर मात्र तिने ताटलीला तोंड लावलं नाही. दोन दिवसांत डोळे पिवळे पडले. सेप तिला कोटात गुंडाळून दवाखान्यात पळाला.

"भादर," तो म्हणाला, "सगळी भादर. काय हवं ते काढून बघ."

मिस फेनविकनी तपासणीचं रक्त घ्यायला टोचलेल्या जागेकडे बोट दाखवलं. रक्त अजून झिरपत होतं. "आता नाही काढता येत. यकृत खचलंय, रक्त गोठतच नाहीये. सुईएवढं भोकही मिटायचं नाही." त्या रागावल्या असत्या तर सेपला बरं वाटलं असतं.

सलाईन लावलं, औषधं दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी टॅन्सीने त्याच्या मांडीवरच प्राण सोडला. सेप तिच्या पोटावरून हात फिरवत बसून राहिला. मेव्हिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वसंतात भादरली असती ना," तो म्हणाला, "तर एव्हाना सगळी लोकर परत आली असती गं."