चोवीस नंबरचा पत्ता

नारीनकडच्या एका खिंडीखाली, बर्फावर नजर ठेवणारी हिमचौकी होती. तिथल्या सर्व्हरला नेटवर्क कार्ड एक, वायर एक आणि पत्ते मात्र चार. निदान सगळे तसं समजत होते. आधीची तीन मशीनं एकेक करून मेली, पण वरच्या झोपड्यांतल्या, तापमान कळवणाऱ्या पेट्यांना त्या मेलेल्यांचेच पत्ते पाठ. प्रत्येक पेटी बदलायला डोंगर कोण चढणार? म्हणून चौकीतलं मशीन सांभाळणाऱ्या झूराच्या धाकट्या भावाने, तालायने, मेलेल्यांचे पत्ते जिवंत मशीनच्या कार्डावर चढवले होते. एका दारावर चार पाट्या.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिसऱ्या झोपडीची पेटी अचानक गप्प झाली. ती बघायला झूरानेच तालायला वर धाडलं. परतीच्या वाटेवर तो कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडला गेला. "त्या मेल्या पेटीने माझं लेकरू खाल्लं," असं त्यांची आई अजून म्हणायची. झूराही तेच म्हणायची. दोष पेटीवर ढकलता येत होता म्हणून तर ती रोज कामावर येऊ शकत होती.

त्या गुरुवारी दुपारी तिचे साहेब, जुमाश अगाय, दारातूनच म्हणाले, "धोक्याच्या नव्या भोंग्याला पत्ता हवाय. चोवीस नंबर देऊन टाक, मोकळाच आहे."

"बघते, अगाय. कुणी बसलेलं नसेल तर देते."

"तिथे कोण बसणार, भूत?" ते बोलून गेले, आणि लगेच जीभ चावून बाहेर पडले.

मशीनवर तालायच्या अक्षरातला कागद अजून चिकटलेला होता. २४ पुढे लिहिलं होतं: तिसरी झोपडी. झूराने कार्डावरचे पत्ते पडद्यावर आणून बघितले. तीनच निघाले. मशीन चालू होताना वाचतं ती फाईल उघडली, तिथेही तीनच.

भावाची खोड तिला पाठ होती. पत्ता हाताने चढवायचा, चाललं की शीळ घालत निघायचं. फाईलमध्ये काय, नंतर लिहू. पण हाताने चढवलेला पत्ता मशीन बंद होईपर्यंतच टिकतो. आणि पेटी गप्प झाली त्या नोव्हेंबरात धूळ काढायला मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं, ते तिनेच.

तिने चोवीस नंबर चढवला. मिनिटभर काहीच नाही. मग पडदा भरू लागला. पेटीने दोन वर्षं साठवलेलं सगळं क्रमाने येत होतं. 'तिसरी झोपडी. उणे अकरा. कोण आहे?' उत्तर मिळत नव्हतं म्हणून तासातासाला तीच ओळ. आणि मधेच, पेटीच्या कळांवर टाइप केलेली माणसाची भाषा. ताईला 'एजे' म्हणणारा एकच होता.

'एजे, पेटी ठणठणीत आहे. चोवीस फाईलमध्ये लिहायचा राहिला, तेवढा चढव. उत्तर आलं की निघतो.'

'एजे, अजून नाही? बर्फ लागलाय. उत्तर आलं की निघतो.'

'दुसरी रात्र झाली. आता थांबवत नाही, उतरतो. रागावू नकोस.'

त्याखाली पुन्हा उणे चौदा, उणे सोळा, कोण आहे, कोण आहे. तालाय वर दोन दिवस झूराची वाट बघत बसला होता आणि खाली ती पेटीला शिव्या घालत होती.

दार उघडलं आणि तळणाचा वास आला. दर गुरुवारी आई गेलेल्या माणसांसाठी कणकेचे छोटे बोरसोक तळायची आणि उरलेले गरमागरम चौकीत आणून द्यायची.

"आज तेल छान तापलं होतं. वास पोचला असेल त्याला," आई म्हणाली. मग तिने लेकीचं तोंड पाहिलं. "काय गं?"

"आपा, पेटीने नाही खाल्लं त्याला. मशीन मी बंद केलं होतं. त्याचे निरोप आत्ता पोचले." तिने ते तिन्ही वाचून दाखवले. एकही शब्द गाळला नाही.

आई ताट टेबलावर ठेवून, लेकीकडे न बघता म्हणाली, "उत्तराला थांबलाय ना तो? मग दे की उत्तर."

झूराने आधी फाईलमध्ये चोवीस नंबर लिहिला. मग पेटीला पाठवलं: 'पोचलं रे. नीघ आता.'

दोघी तिथेच बसून राहिल्या. पुढच्या तासाला ओळ आली: 'तिसरी झोपडी. उणे तीन.' कोण आहे, असं पेटीने विचारलं नाही.