पिवळ्या खडूची बातमी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि सध्या माझ्या अंगावर मुंग्या चढल्या आहेत. हसू नका. फळ्याला मुंग्या लागल्याचं कधी ऐकलंय का तुम्ही? नाही ना? मग ऐका.

मी मूळचा कुर्डुवाडीचा. तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात मोडीत निघालेल्या डब्यांच्या सागवानी फळ्या लिलावात विकल्या जायच्या. त्यातल्या चार सोलापुरात आल्या. एका सुताराने त्या रंधल्या, जोडल्या, मागून पट्ट्या ठोकल्या आणि मला सातवी ब च्या भिंतीवर नेऊन टांगलं. दर शनिवारी पोरं जुन्या सेलांतला कोळसा कुटून माक्याच्या पाल्यात कालवायची आणि मला घासघासून काळाकुळकुळीत करायची. तेव्हा माझा तोरा काय विचारता! शेजारच्या सहावी अ च्या फळ्याला मी हिंग लावून विचारत नसे.

दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की नागरिकशास्त्राचे गुरुजी माझ्यावर मधोमध 'कर' हा शब्द लिहीत. त्याच्याभोवती चार चौकोन काढत. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा. मग छडी आपटून विचारत, "हे सगळं कुणाच्या पैशानं?" वर्ग छप्पर उडेल असा ओरडायचा, "आमच्या!" सगळ्यात मोठा आवाज शिवलीलाचा. दोन वेण्या, पाय चवड्यांवर, हात पुरत नाही तरी फळ्यावर उत्तर मीच लिहिणार हा हट्ट. 'कर म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांसाठी भरलेला पैसा.' तिचं ते तिरकं अक्षर मला अजून आठवतं.

पुढे त्याच वर्गाचं छप्पर गळायला लागलं. आठ पावसाळे गळलं. दर वेळी वरून एकच उत्तर यायचं, पैसा नाही. पोरं दुसरीकडे गेली आणि एक दिवस शाळेला कुलूप लागलं. मला व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. वाळवी लागली असती, पण शिवलीलाचे वडील ईश्वरप्पा हातगाडी घेऊन आले आणि मला उचलून नवी पेठेच्या मागच्या चौकात आणलं. लिंबाच्या बुंध्याशी दोन खांब रोवले, पावसासाठी वर पत्रा ठोकला आणि मला उभं केलं. त्या दिवसापासून मी चौकाचा वार्ताफलक झालो.

ईश्वरप्पा एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी साडेसहाला यायचे, कालचं पुसायचे आणि पांढऱ्या कोरड्या खडूने पाच ओळींत जगाची खबर लिहायचे. बावीस वर्षांत एक वेलांटी चुकली नाही.

माझ्या पायाशी इमामबी बांगड्यांची टोपली घेऊन बसते. तिला वाचता येत नाही. "काका, आज काय लिवलं? वाचा की," असं ती म्हणणार आणि काका पाचही ओळी मोठ्याने वाचून दाखवणार, हा रोजचा नेम. बातमी आवडली नाही की इमामबी पानाची पिंक टाकायची. अर्थातच माझ्यापासून लांब.

आता आमच्या चौकाची एक रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. कुणाचं पोर दहावीला पहिलं आलं, कुणाला नोकरी लागली, कुणी पंच्याहत्तरी गाठली, तर त्या दिवशी पांढरा खडू नाही. पिवळे आणि गुलाबी खडू रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवायचे. त्यांनी लिहिलेलं अक्षर वाळलं की चकाकतं आणि हाताने पुसलं जात नाही, ओला फडकाच लागतो. पिवळं दिसलं की चौक समजायचा, आनंदाची बातमी आहे. पुढचं वाचायला कुणी थांबायचं नाही. नाव बघायचं आणि पेढे मागायला पळायचं.

करोना ओसरला त्या साली परदेशातल्या कुठल्याशा वकिलांच्या कचेरीतली लाखो कागदपत्रं फुटली. कुणी कुणी कुठल्या बेटावर नावापुरत्या कंपन्या काढून आपल्या देशाचा कर चुकवलाय, ते सगळं बाहेर आलं. चार दिवस ईश्वरप्पांनी दुसरं काही लिहिलंच नाही. बेटं कुठली, तिथे कंपनी म्हणजे कशी फक्त टपालपेटी असते, नावं कुणाकुणाची. चौकात ही गर्दी! शिवू रिक्षावाला रिक्षा आडवी लावून वाचायचा आणि करवादायचा, "एकेकाला उलटं टांगलं पायजे, काका! आमच्या जिवावर मजा मारत्यात बगा." मागचे हॉर्न वाजवायचे, तर हा त्यांनाही थांबवून वाचायला लावायचा. खोटं कशाला सांगू, मी फुगलो होतो. सातवी ब नंतर इतकी माणसं माझ्यापुढे कधी उभी राहिली नव्हती.

पाचव्या दिवशी ईश्वरप्पांना यादीत एक नाव सापडलं. मृत्युंजय हिरेकेरी. पत्ता, नवी पेठ, सोलापूर. टॉवेल-चादरींचे मोठे कारखानदार, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, सगळ्या पेठेचे मालक. त्यांना नावाने कुणी हाक मारतच नाही, 'मालक' म्हटलं की तेच. त्यांच्या संस्थेच्या शाळेत शिवलीला शिकवते. नऊ वर्षं हंगामी, अर्ध्या पगारावर. येत्या सोमवारी तिची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती.

त्या सकाळी ती वडिलांच्या मागोमाग चौकात आली.

"अप्पा, नका लिवू. चार दिवस थांबा. सोमवार जाऊ द्या की."

"सोमवारनंतर लिहिलं तर मी कोण, शिवे? सातवीत ह्याच फळ्यावर तूच लिहिलं होतंस."

"सातवीत पगार लागत न्हवता, अप्पा."

ईश्वरप्पांनी कालचं पुसलं. मग खडूंचा डबा उघडला. मालकांचा एखादा माणूस जाता जाता बाहीने पुसून टाकील, ही त्यांना धास्ती. म्हणून कोरडा खडू बाजूला ठेवला आणि निकालांच्या दिवसांतले उरलेले साखरेचे खडू काढले. पिवळे! अहो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला ही एवढी ढळढळीत चूक दिसू नये? मी ओरडलो असतो, पण फळ्याला तोंड नसतं.

त्यात त्यांची जुनी सवय. कोर्टात सिद्ध झालं नाही म्हणून 'चोरी' लिहायचं नाही आणि कुणाचाही आदरार्थ सोडायचा नाही. त्यांनी लिहिलं ते असं. 'मा. श्री. मृत्युंजय हिरेकेरी यांची परदेशी बेटावर कंपनी. जगभर गाजणाऱ्या यादीत सोलापूरचे नाव.' आणि खाली तिसरी ओळ, 'ही कंपनी येथील कर चुकवण्यासाठी काढल्याचे कागदपत्रांवरून दिसते.'

इमामबीने ऐकून विचारलं, "कर म्हंजे काय वो, काका?"

"आपण सगळे भरतो ते. तू काडेपेटी घेतलीस तरी त्यात थोडा भरतेसच."

"आन मालकानं?"

"त्यांनी आपला बेटावर नेऊन लपवला, असं ह्या कागदांत आहे."

"मग चोरीच की ती," इमामबी म्हणाली आणि पिंक टाकली. त्या दिवशी पेठेत बातमी कळलेली ती एकटीच.

तेवढ्यात शिवूची रिक्षा आली. पिवळी अक्षरं लांबूनच दिसली. "आरं तिच्या मायला! मालकांनी फॉरेनला कंपनी काढली!" आणि हा सुटला थेट कारखान्याकडे. नऊ वाजता हार गेले. अकरा वाजता हलगी वाजायला लागली. दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स चढला, 'जागतिक यादीत सोलापूरचा झेंडा'. फ्लेक्सवर मालक हात जोडून उभे आणि खाली शुभेच्छुकांची पन्नास डोकी, त्यात गॉगल लावलेला शिवू.

ईश्वरप्पांनी त्याचा हात धरून त्याला माझ्यापुढे आणलं. "तिसरी ओळ वाच, शिवू. ही तीच यादी आहे. काल ज्यांना उलटं टांगत होतास, त्यांचीच."

शिवूने वाचली. पुन्हा वाचली. तोंड जरा उतरलं, मी जवळून पाहिलं. मग म्हणाला, "ते लोक येगळे, काका. मालक आपले हायत. आन टॅक्स मनापासून कोन भरतंय हितं? त्येंला जमलं, त्येंनी वाचिवला. तुमाला जमला असता तर तुमी सोडला असता व्हय?"

माझा राग त्या मालकावर जेवढा नाही, तेवढा ह्या वाक्यावर आहे. गळक्या छपराखाली ह्या शिवूचीच वही भिजली होती. तोही सातवी ब चाच. सगळ्यांबरोबर 'आमच्या' म्हणून ओरडणारा!

चार वाजता मालक स्वतः आले, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायला. त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. तिसरीवर नजर थांबली तशी मान हलली, आणि मला कळलं, ह्या माणसाला सगळं नीट समजलंय. फोटो झाल्यावर हार काढत ते ईश्वरप्पांना हळूच म्हणाले, "अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं. शेवटची ओळ तेवढी शोभत नाही. उद्या तिथं 'हार्दिक अभिनंदन' लिहा. शिवलीलाबाईंची ऑर्डर माझ्या टेबलावरच आहे, सही राहिलीय फक्त." आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. जाताना इमामबीच्या टोपलीला नमस्कारसुद्धा केला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाप-लेक दोघं आले. तिच्या हातात बादली आणि फडका, त्यांच्या हातात तो खडूचा डबा. तिने तिसरी ओळ पुसायला घेतली. साखरेचं अक्षर ते, एका फटक्यात निघेना. ती घासत होती आणि रडत होती.

"अप्पा, बोला की कायतरी. शिव्या द्या, पर बोला."

ईश्वरप्पांनी मुद्रितं तपासावीत तशी माझ्यावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "डाव्या बाजूला 'कर' राहिलाय. तो पूस."

तिने पुसला. चवड्यांवर उभं राहून नाही, आता तिचा हात पुरत होता. ईश्वरप्पांनी पिवळा खडू घेतला आणि मोकळ्या जागेत 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं. निदान अक्षर तरी वाईट काढा, असं मी मनात म्हणत होतो. त्यांनी नेहमीसारखंच सुरेख काढलं.

"काका, आज काय लिवलं? वाचा की," इमामबी म्हणाली.

ईश्वरप्पांनी डबा पिशवीत टाकला. "सणाच्या शुभेच्छा आहेत, इमामबी."

"कसला सण?"

ते वाचून न दाखवताच निघून गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर ते चौकात आलेच नाहीत. शिवलीला कायम झाली, पण शाळेला दुसऱ्या बोळातून जाते. मालकांनी समोर विजेवर चालणारा बोर्ड दिलाय, त्यावर लाल अक्षरं धावतात आणि दर दोन मिनिटांनी मालकांचं नाव येतं. परवा म्हणे आणखी कुठली तरी कागदपत्रं फुटली. चौकात कुणी मान वर करून पाहिलं नाही. माझ्यावरचं ते अभिनंदन मात्र तसंच आहे. साखर आहे ना त्यात! रोज मुंग्यांची रांग लागते, पण सगळं खाऊन संपवतील अशी काही चिन्हं नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आमची निगा राखा म्हणतात. मला रंग नको, नवं छप्पर नको, हारतुरे तर नकोच नको. एवढंच करा. तांब्याभर पाणी आणि एक ओला फडका आणा आणि मला पुसा. मग पांढरा, कोरडा खडू घ्या आणि खरं असेल ते लिहा. मालक आपले असोत की परके. अक्षर तिरकं आलं तरी चालेल, मला तिरक्या अक्षराची सवय आहे.

आणि लिहून झालं की मोठ्याने वाचा. इमामबी अजून खालीच बसलेली असते. पण आता ती कुणाला, वाचा की, म्हणत नाही.