एकोणीस साहेब आणि एक उडवी

मुंबईच्या अग्निशमन दलात चौतीस वर्षं फायरमन राहून लडकू गोजर उंबरपाड्याला परतला, तेव्हा त्याच्याजवळ एक शिट्टी आणि एक दुखरा गुडघा होता. मुरबाडपासून पाड्यावर यायला दोन जीप बदलाव्या लागतात. बंब पोचेपर्यंत इथली आग कंटाळून विझते. म्हणून त्याने गावाचंच दल काढायचं ठरवलं. थोरली बहीण सकुबाई दारातूनच म्हणाली, "तुझी फौज माझी चूल तरी इझवल का रे?" लडकूने ते मनाला लावून घेतलं.

देवळात बैठक भरली. लडकूने मुळापासून सांगितलं: आधी बंब घोडे ओढत, मग वाफेवरचे पंप आले, मग मोटारी. आपल्याकडे घोडे नाहीत, याची सरपंच वाल्मिकने खेदाने नोंद घेतली. मग हुद्दे निघाले आणि लडकू चुकला. त्याने यादी वरून वाचायला घेतली. वाल्मिक प्रमुख अधिकारी झाला. मग उपप्रमुख, विभागीय अधिकारी, केंद्र अधिकारी. ज्याला जे नाव भावलं ते त्याने उचललं. हुद्दे संपले तरी माणसं उरली, तेव्हा काही हुद्दे जोडीने दिले. तळाचा फायरमन आला तोवर देवळात बिनहुद्द्याचा एकच माणूस शिल्लक होता. तो लडकू.

अकरा दिवस दल झकास चाललं, कारण काही पेटलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी शेजारच्या शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजत होते. त्यातली ठिणगी वाऱ्यावर आली ती थेट सकुबाईच्या पेंढ्याच्या उडवीवर. त्या पेंढ्यावरच तिचे दोन बैल पावसाळ्यापर्यंत जगणार होते.

दल लगेच हजर झालं. वाल्मिकने पाणी मारायचा हुकूम उपप्रमुखाला दिला, त्याने खालच्याला, आणि हुकूम एकोणीस तोंडांतून उतरत लडकूपर्यंत आला. लडकू एक, बादली एक, विहीर चाळीस पावलांवर. तो लंगडत खेपा घालत होता आणि साहेब लोक हात मागे बांधून पाहणी करत होते. एका खेपेला लडकूने विभागीय अधिकारी प्रणितपुढे बादली धरली.

"घेतली असती," तो म्हणाला, "पन हुद्द्याला शोभत नाय."

उडवीचा शेंडा पेटला. सकुबाई नुसती भावाकडे बघत राहिली. शिव्या परवडल्या असत्या.

लडकूने बादली ठेवली आणि शिट्टी फुंकली. "तुमा सगल्यांची नोकरी भरली. या घटकेपासून तुमी निवृत्त. लय सेवा केलीत."

वाल्मिकने हळूच विचारलं, "निरोप समारंभ?"

"आग इझल्यावर."

निवृत्त माणसाला हुद्दा आड येत नाही. वाल्मिकने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विहिरीत पोहरा सोडला. विहिरीपासून उडवीपर्यंत माणसांची रांग लागली, घराघरांतून आलेल्या बादल्या, कळश्या, पातेली हातोहात पळू लागली. प्रणितने पेटत्या पेंढ्या बांबूने ओढून चिखलात तुडवल्या आणि स्वतःही दोनदा चिखलात बसला. पाव तासात आग विझली. चौथाई पेंढा गेला, बाकी वाचला. मग उरलेलं पाणी एकमेकांवर ओतण्यात आलं. त्याला कुणाचाच हुकूम नव्हता.

समारंभ सकुबाईच्याच अंगणात झाला. नारळ एकच होता, तो फोडून वाटला. प्रत्येकजण आपल्या अकरा दिवसांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल बोलला. सकुबाईने लडकूला घोंगडीवर आपल्याशेजारी बसवलं आणि त्याच्या गुडघ्याला तेल चोळत राहिली.

गोठ्याशी बैल धुरकट पेंढा खात भाषणं ऐकत होते. वाल्मिकचं जरा लांबलं. बैलांनी समोरचा पेंढा संपवून मान वर केली, तशी दुसरी पेंढी टाकायला, भाषण सोडून वाल्मिकसकट, एकोणीसच्या एकोणीस माणसं एकदम धावली.