रानात सून पुढे

जपानच्या आकितातल्या आमच्या डोंगरात पाहुण्यांना बांबूचे कोवळे कोंब खुडायला नेऊन नेऊन माझे गुडघे पार झिजले होते. यंदा सून मित्सुए पुढे चालली आणि मी मागे. तिला हे जमलं तरच मला घरी बसता येणार होतं.

चढावर अस्वलाने नुकतेच सोललेले कोंब पडले होते. मित्सुए थांबली.

"मागे फिरा सगळे."

"अहो, अस्वल बघायलाच तर आलोय!" एक पाहुणा हसला.

"बसा मग पंगतीला. त्याचं जेवण अजून संपलेलं नाही."

सगळे कुरकुरत वळले. मित्सुए माझ्याजवळ आली. "आई, चुकलं का माझं?"

"नाही गं. उद्यापासून तूच जा. मी झोपणार आहे."