नळीचा उतार

सव्वीस वर्षं मी बॉयलर चालवला. आमची लॉन्ड्री म्हणजे तीन इस्पितळांच्या चादरी, गाउन आणि टॉवेल धुणारा कारखाना. तळघरात बॉयलर आणि बॉयलरपाशी मी. वाफ कुठे अडते, कुठे गार होऊन तिचं पाणी होतं, कुठल्या वळणावर पाइप कुरकुरतो, हे मला विचारावं. वर घड्या घालणाऱ्या बायका मला आत्या म्हणतात. मॅनेजर मला 'बाई' म्हणतो, तेही उपकार केल्यासारखं.

तर ही आत्या एका दुपारी बॉयलरसमोर बसल्या बसल्या झोपली. बॉयलरच्या काचेच्या नळीत दिसणाऱ्या पाण्याच्या पातळीवर नजर ठेवणं हे माझं काम. पाणी खाली गेलं, भोंगा वाजला आणि डोळे उघडले तेव्हा मॅनेजर समोर उभा. बॉयलर कोरडा पडला तर काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. भोंगा बिघडलेला असता तर वरच्या बायकांचं काय झालं असतं, या विचारानं दोन दिवस मला घास गिळवला नाही.

तपासणी झाली. झोपेत माझा श्वास तासाला एक्केचाळीस वेळा अडतो म्हणे. रात्रभर मी मरत-जगत होते आणि मला पत्ताच नाही! कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सीपॅप नावाचं मशीन दिलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा दाबानं आत येते आणि घसा मिटत नाही. सोबत अटही घातली. तीस रात्रींपैकी एकवीस रात्री, किमान चार-चार तास, मशीन लावलेलं दिसलं पाहिजे. नोंद मशीन स्वतःच ठेवतं, तिथे मखलाशी चालत नाही. तोवर बॉयलरला हात लावायचा नाही, आणि एकवीस भरल्या नाहीत तर कायमचं घड्यांचं टेबल.

"पंख्याखाली बसायचं, आरामाचं काम," मॅनेजर म्हणाला. "या वयात अजून काय पाहिजे, बाई?"

"बॉयलर पाहिजे," मी म्हटलं.

हवा कोरडी लागू नये म्हणून मशीनला पाण्याची डबी असते. ती तापते आणि हवा ओलसर होते. मी म्हटलं, हा तर बॉयलरचा नातू, याला काय घाबरायचं! ओलाव्याचं बटण सरळ पाचवर नेलं, त्याच्या पुढे आकडाच नव्हता. इतकी वर्षं भट्टीजवळ काढल्यामुळे मला रात्री गार हवा लागते, म्हणून खिडकी सताड उघडी. आणि मशीन ठेवलं उशाच्या कपाटावर, डोक्याच्या हातभर वर.

वर का, तर वाफेचा पाइप नेहमी वाफ जाते त्या दिशेला उतरता ठेवायचा असतो. आत साचलेलं पाणी वाफेबरोबर पुढे जातं आणि पुढे ते काढून टाकायची सोय असते. उलटा उतार दिला तर वाफ आणि पाणी समोरासमोर येतात आणि पाइप हातोडे मारल्यासारखा वाजतो. आजवर चार मदतनिसांना मी हे ओरडून ओरडून शिकवलं आहे.

पहिल्याच रात्री तासाभरात नळीत गुडगुड सुरू झाली आणि गार पाण्याची चूळ थेट नाकात. मी ठसकत उठले, मास्क ओढून फेकला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री ओलावा शून्यावर आणला, तर नाक सुकून रक्त आलं. मग पाइपाला गुंडाळतात तशी नळीला जुन्या शालीची पट्टी गुंडाळली. पाणी कमी झालं, पण थांबलं नाही, आणि नाकात जायला एक थेंबही पुरतो. असं करत करत नऊ रात्री वाया गेल्या.

दहाव्या दिवशी सकाळी सुनेनं माझ्या हातात चहा दिला आणि तिथेच बसली. "आई, देऊन टाका ना ते परत. किती सोसायचं? टेबलाचं काम काही वाईट नाही."

"वाईट नाही गं. पण माझं नाही."

आमचे हे खोलीच्या दारात उभे होते. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस, बोलताना शब्दही मापून काढतो. "अगं, एक बोलू?"

"बोला."

"पाणी उतारानं जाणार. तू मशीन वर ठेवलंयस आणि नाक खाली. मग ते येणार कुठे?"

"पस्तीस वर्षं पायजमे शिवलेत तुम्ही. पाइपाचं मला शिकवू नका."

"नाही शिकवत," ते म्हणाले. "पण तुझ्या त्या पाइपाच्या शेवटी कुणाचं नाक नसतं, एवढंच."

सुनेनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला असा संताप आला की कप भिंतीवर मारावासा वाटला, कारण त्यांचं बरोबर होतं. नळीत गार हवेनं पाणी होणार हे मला कळत होतं, ते काढायला शेवटी काही नाही हेही दिसत होतं, तरी माझं सव्वीस वर्षांचं शहाणपण मी कपाटावर चढवून बसले होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा-आडवा सोलला असता.

मशीन खाली आलं, पलंगापेक्षा बुटक्या स्टुलावर. आता नळीतलं पाणी परत डबीत जाणार होतं. यांनी नळीला जाड कापडाचं नीट कव्हर शिवून दिलं, पायजम्याच्या एकाच पायासारखं. ओलावा तीनवर ठेवला, खिडकी बोटभर उघडी. त्या रात्री मी सहा तास झोपले. सकाळी डोकं इतकं हलकं होतं की कुणाचं तरी चुकून मला लागलंय असं वाटलं.

नऊ गेल्या होत्या, एकवीस उरल्या होत्या आणि एकवीसच हव्या होत्या. एकही रात्र चुकवून चालणार नव्हतं. मी दिवसा टॉवेलच्या घड्या घालत होते आणि पायाखाली माझा बॉयलर दुसऱ्याच्या हाताखाली धडधडत होता. बदलीचा माणूस वाफ सोडताना घाई करायचा. प्रत्येक वेळी पाइप ठणठणायचा आणि माझे दात आवळले जायचे.

सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी मॅनेजर स्वतः टेबलापाशी आला. "बाई, आज रात्रपाळी बदलीवाल्याची होती, पण तो तापानं घरी गेलाय. आजची रात्र तुम्ही बॉयलर बघा."

खोटं कशाला बोलू, पाय आपोआप उठले. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते चालून आलं होतं. मग आठवलं की रात्रभर बॉयलरपाशी बसले तर मशीनवर आजच्या रात्रीपुढे शून्य येणार.

"माझ्याकडे अजून डॉक्टरीणबाईंचा कागद नाही," मी म्हटलं.

"कागदाचं नंतर बघू."

"नंतर बघणार कोण, तुम्हीच ना? दुपारपाळीच्या बॉयलरवाल्याला थांबवा. त्याच्यावर कसली बंदी नाही, आणि तो अजून गेटबाहेर पडलेला नाही."

"मी तुम्हाला सांगतोय, त्याला नाही. सकाळी इस्पितळांना चादरी गेल्या पाहिजेत. नाही म्हणताय?"

"नाही म्हणतेय. मला झोपायला जायचंय."

घड्या घालणाऱ्या एका बाईच्या हातून चादर सुटली. सव्वीस वर्षांत माझ्या तोंडून हे वाक्य त्या छपराखाली कुणी ऐकलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "मग बॉयलर विसरा." मी डबा उचलला आणि चालू लागले. पाठीमागे तो दुपारपाळीच्या माणसाला हाका मारत होता.

त्या रात्री झोप कसली येते! पण मशीनला झोप कळत नाही, श्वास कळतो. मास्क लावून, छताकडे बघत, मॅनेजरला मनातल्या मनात सात पिढ्यांसकट धुऊन काढत मी पडून राहिले. चार तास झाले तरी मास्क काढला नाही. पहाटे कधीतरी डोळा लागला.

तिसाव्या रात्रीनंतर डॉक्टरीणबाईंनी नोंद बघितली. बोटानं मोजली, पुन्हा मोजली. "एकवीस," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

कागद मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो खालून वर वाचला. "एका रात्रीनं वाचलात, बाई."

"त्याच रात्री तुम्ही मला बॉयलर देत होतात," मी म्हटलं. "घेतला असता, तर आज तुम्हीच काढून घेतला असता."

त्यानं कागद फायलीत लावला. मी तळघरात गेले. बदलीवाला उठून उभा राहिला, मी त्याला वाफ हळू सोडायची कशी ते दाखवलं, या वेळी न ओरडता. मग नोंदवही उघडली. वेळ, पाण्याची पातळी, दाब, सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तो सगळे जण कोराच सोडतात, मीही सोडत आले.

त्या दिवशी मी तिथे लिहिलं : जागी आहे.