मोठ्या जावयाचा होकार

ज्याने अपराध कधी कबूलच केला नाही, त्याला क्षमा करणे म्हणजे त्याच्या अपराधावर आपलीच मोहोर उठवणे होय, असे माझे मत होते आणि आहे.

दोन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याच्या घाटात माझ्या सात वर्षांच्या प्रणालीला उलटी झाली, ती माझा अकोल्याचा साडू जीवन याच्या नव्या गाडीत. मी मागच्या गाडीत होतो. जीवनने प्लॅस्टिकची पिशवी तिच्या कानांना अडकवली, घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधतात तशी, आणि वर पोहोचेपर्यंत काढू दिली नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात तो तिला 'तोबरा' म्हणे आणि पंगत हसे. प्रणालीने पंगतीत बसणेच सोडले.

यंदा जीवनने मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचा बेत केला. बरोबर चार वर्षांची पौर्णिमा आणि तान्हा विपुल. आमच्या सासूबाई इंदूबाई यांच्या घरची रीत अशी की, मोठ्या जावयाने 'जा' म्हटल्यावाचून लेकरे घेऊन लांब निघायचे नाही. त्यामुळे त्याला मला विचारणे भाग पडले.

मी क्रूझचे माहितीपत्रक बारकाईने वाचले. सामान एकदाच उघडायचे, घाट नाही, मुलांना खेळायला स्वतंत्र दालन. उलटपक्षी कठडे आणि चार वर्षांची चपळ मुलगी. पारडे होकाराकडे झुकत होते. इतक्यात अकरावी अट दिसली: एक वर्षाखालील बालकास जहाजावर घेतले जाणार नाही. निघायच्या दिवशी विपुल अकरा महिन्यांचा असणार होता. जीवनने ती वाचलीच नव्हती. मी फक्त 'जा' म्हणायचे. पुढचे काम बंदरावरचा पहारेकरी करणार होता. पाच दिवस मी ते दृश्य मनातल्या मनात चवीने पाहिले.

रविवारी अकोल्याच्या मळ्यात रोडगे-वरणाची पंगत बसली. जीवन भर पंगतीत म्हणाला, "काहून देवमनभाऊ, लेकराईले नेऊ का नोको? का तुमच्या तोबऱ्याले पुसा लागते?"

प्रणाली उठून आत गेली. तिच्यामागे विपुलला कडेवर घेऊन गीतांजली, जीवनची बायको, निघाली. घाटमाथ्यावर प्रणालीची पिशवी सोडून तिचे तोंड धुणारी हीच. आणि बंदरावरून तान्ह्यासह परत फिरणारीही हीच असणार. सूड नेमका हवा, शेजारी सांडणारा नव्हे.

"अकरावी अट मोठ्याने वाचा," मी मोबाईल त्याच्यापुढे धरला.

दुसऱ्या ओळीला तो बोटांवर विपुलचे महिने मोजू लागला. "आता कसं करू? समद्या दोस्ताईले सांगून बसलो मी."

"आज संध्याकाळपर्यंत तारीख पुढे नेता येते. कशी, ते मला ठाऊक आहे. परंतु आधी या पंगतीला सांगा, घाटात पिशवी कोणी बांधली आणि पोर काय म्हणत होती. तिचे नाव घेऊन सांगा."

"हसण्यावारी होतं थे, भाऊ…"

"सांगा लहाने जवाई," इंदूबाई वाढता वाढता थांबल्या. "आमी बी ऐकून राहिलो."

जीवनने सांगितले. पिशवी आपण बांधली. प्रणाली रडत होती. 'काका, सोडा' म्हणत होती, वरपर्यंत. आपण सीटला जपलो. कोणी हसले नाही.

प्रणाली दारात उभी होती. ती आत वळली, एक पिशवी घेऊन आली आणि नीट घडी करून काकाच्या ताटाशी ठेवली.

"समुद्र लागते म्हणतात काका. कानाले बांधा, पण काढाची नाई."

पंगत हसली, दोन वर्षांत प्रथमच योग्य माणसाला. प्रणाली माझ्या शेजारच्या पाटावर बसली आणि तिने रोडगा मागितला. मग मी जीवनला विपुलच्या वाढदिवसानंतरची नवी तारीख सांगितली.